आकडा कळला, आकार नाही

वस्तुमान-वर्णपटावर, म्हणजे कण वस्तुमानानुसार वेगळे करून काढलेल्या आलेखावर, १०८ पाशी एक शिखर उभं राहतं. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान १८, म्हणजे हे सहा रेणू. गुच्छ ऋणभारित होता म्हणूनच डिटेक्टरपर्यंत पोचला, म्हणजे सोबत एक जादा इलेक्ट्रॉन. हिशेब जुळला, वहीत नोंद झाली. पण तो इलेक्ट्रॉन बसलाय कुठं आणि सहा रेणू एकमेकांना कसे धरून आहेत, याबद्दल त्या शिखरातून अवाक्षर कळत नाही. वायू अवस्थेतल्या अशा ऋणभारित क्लस्टरांवर, म्हणजे रेणूंच्या गुच्छांवर, गेली चाळीसहून अधिक वर्षं काम चाललंय आणि त्यातला बराचसा वाद याच जागी आहे. माझ्या मते अशा क्लस्टरचा आकार विचारायच्या आधी तो बनवला कसा हे विचारावं. एकाच वस्तुमानाचे, पण वेगवेगळ्या घडणीचे गुच्छ एकाच यंत्रातून निघतात. कुठला निघेल हे नॉझलमागचा (वायू ज्या बारीक भोकातून सोडतात त्यामागचा) दाब आणि इलेक्ट्रॉन सोडायची वेळ यांवर ठरतं.

मुळात पाण्याचा एकटा रेणू जादा इलेक्ट्रॉन घेतच नाही. त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं बसलेले, नव्याला जागा नाही. राहता राहिला द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे रेणूतले धन आणि ऋण भार किती अलग बसलेत याचं माप, तो १.८५ डिबाय (त्या मापाचं एकक). फर्मी आणि टेलर यांनी १९४७ मध्ये दाखवलं की जागच्या जागी स्थिर असलेल्या द्विध्रुवाला इलेक्ट्रॉन बांधायला १.६२५ डिबाय पुरतात. कागदावर मग पाणी पास व्हायला हवं. पण खरा रेणू फिरत असतो. त्यामुळे प्रत्यक्षात हा उंबरठा अडीच डिबायच्या आसपास जातो आणि एकटा रेणू नापास होतो. दोन रेणूंच्या जोडीचा द्विध्रुव सुमारे २.६ डिबाय, म्हणजे काठावर पास. तिथं इलेक्ट्रॉन बांधला जातो तो अवघ्या ०.०४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं. खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा ०.०२५, यावरून हे बंधन किती तकलादू आहे ते कळावं. त्याचा ढग जोडीच्या हायड्रोजनकडच्या बाजूला, रेणूंच्या बराच बाहेर पसरलेला असतो. तो घरात राहायला आलेला नाही, अंगणात बाज टाकून पडलाय.

फ्रायबुर्गमध्ये हाबरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे क्लस्टर पहिल्यांदा वायूत पकडले. त्यांतलं चमत्कारिक काही असेल तर शिखरांची उंची. २ रेणूंचं शिखर ठळक, मग ६ आणि ७ ठळक, पुढे ११ पासून सलग रांग. ३, ४, ५ मात्र क्षीण किंवा गायब. कारण उदासीन, म्हणजे अजून इलेक्ट्रॉन न घेतलेल्या, क्लस्टरांच्या घडणीत आहे. तीन, चार आणि पाच रेणू एकत्र आले की ते कडं करून बसतात. प्रत्येक जण शेजाऱ्याला एक हायड्रोजन देतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याचा एक घेतो. अशा कड्यात द्विध्रुव एकमेकांना जवळजवळ खोडून टाकतात. चारांच्या सममित कड्यात तर बेरीज शून्य. इलेक्ट्रॉनला धरायला काही उरतच नाही. सहापासून त्रिमितीय रचना परवडायला लागते, मांडणी बदलून एखादा रेणू इलेक्ट्रॉनकडे वळवता येतो. थोडक्यात, ठळक शिखर म्हणजे 'हा गुच्छ फार स्थिर' असा अर्थ डोळे झाकून काढू नये. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की या आकाराच्या उदासीन गुच्छाला येणारा इलेक्ट्रॉन पकडता आला.

आता बनवण्याकडे. लागतो आर्गॉनचा सिलिंडर, पाण्याची छोटी कुपी, पल्स्ड व्हॉल्व्ह आणि निर्वात कोठी. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३२ मिलिबार. तीन बार आर्गॉन या पाण्यावरून नेला की मिश्रणात सुमारे एक टक्का बाष्प येतं. हे मिश्रण अर्ध्या मिलिमीटरच्या किंवा त्याहून बारीक भोकातून निर्वातात सोडलं की वायू प्रसरण पावतो आणि झपाट्यानं गार होतो. सगळी उष्णता पुढे जाण्याच्या वेगात बदलते. खोलीच्या तापमानाचा आर्गॉन त्यात ५६० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास पोचतो, हेलियम १,७६० च्या. वाहक म्हणून आर्गॉन निवडण्याचं कारण हा वेग नव्हे. दोन पाणी-रेणू चिकटताना सुटणारी ऊर्जा तिसऱ्या कुणीतरी उचलून न्यावी लागते, नाहीतर ते पुन्हा सुटतात. जड आर्गॉन हे काम हेलियमपेक्षा चांगलं करतो.

व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवला तर पंपांचं कंबरडं मोडतं. म्हणून तो सेकंदाला १० ते ५० वेळा, दर वेळी शे-दीडशे मायक्रोसेकंद उघडतात. नॉझलच्या तोंडाशी सुमारे एक किलोव्होल्टनं प्रवेगित इलेक्ट्रॉनांचा झोत आडवा मारतात. इतके वेगवान इलेक्ट्रॉन क्लस्टरला चिकटत नाहीत. ते आर्गॉनमधून दुय्यम इलेक्ट्रॉन ठोकून बाहेर काढतात, ते टकरा खात खात मंदावतात आणि मग गुच्छाला धरतात. पूर्ण मंदावण्याआधी पाण्याशी गाठ पडली तर वेगळंच होतं. साडेसहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास इलेक्ट्रॉन पाण्याच्या रेणूत शिरून रेणूच फोडतो, त्यातून ऋण हायड्रोजन आयन निघतो. या प्रकारच्या विघटनावर मुंबईत टीआयएफआर या मूलभूत संशोधन संस्थेत फुटलेल्या तुकड्यांच्या वेग-प्रतिमा (तुकडे कुठल्या दिशेनं, किती वेगानं उडाले याची चित्रं) घेऊन फार बारकाईचं काम झालं आहे. आपल्या यंत्रात त्याचा परिणाम असा की तो हायड्रोजन आयन शेजारच्या पाण्याशी क्रिया करून हायड्रॉक्साइड तयार करतो, आणि हायड्रॉक्साइडभोवती पाणी जमायला लागतं. म्हणजे नको असलेली दुसरी क्लस्टर-मालिका.

इलेक्ट्रॉनांचा झोत ज्या तापलेल्या तारेतून निघतो ते फिलामेंट हा या मांडणीतला कायमचा डोकेदुखीचा भाग. तापलेल्या टंगस्टनला पाण्याची वाफ खाते. वाफ धातूचं ऑक्साइड करते, ते उडून गार भिंतीवर बसतं, तिथं हायड्रोजन त्याचा पुन्हा धातू करतो आणि पाणी मोकळं होऊन परत फिलामेंटकडे येतं. तार दिवसेंदिवस बारीक होते, प्रवाह हळूहळू घसरतो आणि सिग्नल घटला की सगळे आधी व्हॉल्व्हला दोष देतात. इट्रियाचा (इट्रियम ऑक्साइडचा) लेप दिलेली इरिडियमची तार जास्त टिकते. सिग्नल बिघडल्यावर व्हॉल्व्ह उघडायच्या आधी उत्सर्जन प्रवाह मोजून पाहावा.

वेळेचं गणितही सोपं, पण चुकवायला तितकंच सोपं. ५६० मीटर वेगानं पाच सेंटिमीटर जायला सुमारे ९० मायक्रोसेकंद लागतात. व्हॉल्व्हचा स्पंद शंभरावर मायक्रोसेकंदांचा, तेव्हा आयन ओढून घेणारा व्होल्टेज-स्पंद पन्नास मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाला तर झोताचा भलताच भाग हाती येतो. पुढच्या टोकाचा वायू अजून नीट गार झालेला नसतो, मधला सर्वात थंड. वर्णपट 'काल वेगळा होता' असं वाटलं तर रसायनाकडे जाण्याआधी हा विलंब तपासावा.

पुढे उड्डाणकाल-वर्णमापी, म्हणजे ठरलेलं अंतर कापायला लागलेल्या वेळेवरून वस्तुमान काढणारं यंत्र. अडीच हजार व्होल्टनं ओढलेला सहाचा गुच्छ दीड मीटर अंतर २२.४ मायक्रोसेकंदांत कापतो, सातचा २४.२ मध्ये. मधली फट १.८ मायक्रोसेकंदांची आणि लेसरचा स्पंद पाच ते दहा नॅनोसेकंदांचा. त्यामुळे नेमका हवा तो गुच्छ आडवा गाठता येतो. अडचण लांबच्या आकारांशी नाही, शेजाऱ्यांशी आहे. हायड्रॉक्साइडची मालिका पाण्याच्या मालिकेपेक्षा बरोबर एकानं मागे धावते: १०८ च्या आधी १०७, ५४० च्या आधी ५३९. लहान गुच्छांत ती वेगळी दिसते, तिशीत पोचेपर्यंत सामान्य यंत्रात दोन्ही शिखरं एकमेकांत मिसळतात. सुदैवानं हायड्रॉक्साइड स्वतःच इलेक्ट्रॉन १.८३ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं धरून असतं. १०६४ नॅनोमीटरच्या लेसरचा फोटॉन १.१६५ चा, त्याला ते दाद देत नाही. म्हणून लहान आकारांवर हा लेसर मारला की इलेक्ट्रॉन फक्त खऱ्या पाणी-क्लस्टरचे सुटतात आणि शेजारी आपोआप गाळला जातो. कुठं हवा गळत असेल तर ऑक्सिजनचा ऋण आयन पाणी गोळा करत तिसरी मालिका काढतो, ती दर वेळी पाण्याच्या शिखराच्या चार एकक आधी. १०४ ला शिखर दिसलं की गळती शोधायला लागावं.

जड पाणी वापरणाऱ्यांसाठी तर खास सापळा आहे. जड पाण्याचा रेणू २० चा, आर्गॉनचा अणू ४० चा. थंड झोतात क्लस्टरला आर्गॉन चिकटतोच. मग सहा जड पाणी आणि एक आर्गॉन यांचं वस्तुमान आठ जड पाण्याइतकं होतं! अचूक बघितलं तर फरक ०.०८४ एककाचा. १६० पाशी तो वेगळा दिसायला सुमारे १,९०० ची विभेदनक्षमता (वस्तुमान भागिले फरक) लागते. साध्या पाण्यात ही भानगड नाही, तिथं आर्गॉनवाला गुच्छ चार एककं पुढे सुटा दिसतो.

इथवर वजन झालं. घडणीकडे जायचा पहिला रस्ता म्हणजे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट. ठाऊक असलेल्या ऊर्जेचा फोटॉन मारायचा, सुटलेल्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा मोजायची, वजाबाकी केली की बंधन-ऊर्जा मिळते. सहाच्या गुच्छाची ती साधारण ०.४२, म्हणजे १०६४ च्या लेसरनं इलेक्ट्रॉन सुमारे ०.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन निघतो. वाचायला सरळ वाटतं, पण इथं पाणी मुरतं. गुच्छ स्वतः सेकंदाला ६७ किलोमीटरनं धावतोय, इलेक्ट्रॉनचा वेग ५१० किलोमीटर. पुढच्या दिशेनं सुटलेला इलेक्ट्रॉन ०.९५ चा वाटतो, मागच्या दिशेचा ०.५६ चा. एक रेष चक्क ०.४ रुंद होते, मोजायच्या राशीइतकीच! म्हणून चुंबकीय बाटलीच्या यंत्रात (चुंबकीय क्षेत्रानं सगळ्या दिशांचे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या) गुच्छाला लेसरजवळ येताना ब्रेक लावावा लागतो. वेग-प्रतिमा पद्धतीत आयनांची दिशा आणि प्रतिमेचा अक्ष एकच ठेवला की हा प्रश्न बहुतांशी मिटतो, कारण जादा वेग प्रतिमेच्या पडद्याला लंब जातो. यंत्राचं माप लावायला आयोडाइड सोयीचं: त्याची बंधन-ऊर्जा ३.०५९, ३५५ नॅनोमीटरच्या ३.४९ च्या फोटॉननं ०.४३ ची स्वच्छ रेष मिळते.

बाल्टिमोरमध्ये बोवेन यांच्या गटानं १९९० मध्ये २ ते ६९ रेणूंपर्यंतच्या क्लस्टरांची अशी मोजणी मांडली. रेणूंच्या संख्येच्या घनमुळाचा व्यस्त घेऊन आलेख काढला की मोठ्या आकारांना रेष सरळ होते आणि अनंत आकाराला सुमारे ३.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जाते. पाण्यातला जलयोजित इलेक्ट्रॉन, म्हणजे द्रव पाण्यात रेणूंनी वेढलेला सुटा इलेक्ट्रॉन, जो १९६२ मध्ये हार्ट आणि बोग यांनी ७२० नॅनोमीटरच्या शोषणावरून ओळखला होता, त्याच्याकडे जाणारी ही पायवाट. २०१० मध्ये द्रव पाण्याच्या सूक्ष्म धारेवर थेट मोजमापं झाली, आकडे ३.३ ते ३.६ च्या दरम्यान आले. पुढे २०१७ मध्ये पाण्यातून बाहेर पडताना इलेक्ट्रॉन खातो त्या टकरांचा हिशेब धरून तो ३.७ पर्यंत गेला. रेष नेमकी जुळते हा आनंद तेव्हापासून जरा आखडता घ्यावा लागतो.

खरा धक्का २००५ चा. बर्कलीत न्यूमार्क यांच्या गटानं दाखवलं की त्याच आकाराच्या क्लस्टरांच्या एक नव्हे, किमान तीन मालिका आहेत. नॉझलमागचा दाब वाढवला, म्हणजे क्लस्टर अधिक थंड केले, की बोवेन यांच्या मालिकेपेक्षा बऱ्याच कमी बंधन-ऊर्जेची दुसरी मालिका वर येते. त्यांचा अर्थ असा: पहिलीत इलेक्ट्रॉन आत शिरलेला, दुसरीत पृष्ठभागावर अडकलेला. थंड, गोठलेल्या गुच्छावर इलेक्ट्रॉन येऊन पडला, आत जायला रेणूंना हलावं लागतं, हलायला ऊर्जा नाही, तो बाहेरच राहिला. हा खुलासा मला पटतो, कारण बनवण्याच्या रीतीशी तो जुळतो. पण त्याच वर्षी तूरी, श्यू आणि रॉस्की यांच्या गणनांनी उलट म्हटलं: मोजलेले गुणधर्म पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉननंही समजावता येतात. २०१० मध्ये तर द्रव पाण्यातही इलेक्ट्रॉन खरोखर पोकळीत बसतो का, असा प्रश्न श्वार्ट्झ यांच्या गटानं काढला आणि त्यावर बराच गदारोळ झाला. बंधन-ऊर्जा हा एकच आकडा आहे. एका आकड्यावरून त्रिमितीय चित्र ओढून काढताना दोघं दोन चित्रं काढणार, त्यात नवल नाही.

लहान गुच्छांत मात्र निकाल लागलाय, आणि तो अवरक्त वर्णपटानं. युक्ती आर्गॉनचीच. क्लस्टरला आर्गॉनचे एक-दोन अणू चिकटलेले असतील तर तो थंड आहे याची खात्री, कारण तापला असता तर आर्गॉन आधीच उडाला असता. अवरक्त लेसरची लहर बदलत न्यायची. क्लस्टरमधल्या एखाद्या बंधाच्या कंपनाशी ती जुळली की ऊर्जा आत जाते, आर्गॉन सुटतो आणि वस्तुमान ४० नं कमी होतं. कुठल्या लहरीला ते घटतं याची यादी म्हणजे वर्णपट. येलमध्ये जॉन्सन यांच्या गटानं २००४ मध्ये यातून दाखवलं की इलेक्ट्रॉनला खेटून एक विशिष्ट रेणू असतो. तो शेजाऱ्यांकडून दोन हायड्रोजन-बंध घेतो, स्वतः कुणाला देत नाही, आणि त्याचे दोन्ही हायड्रोजन मोकळे, इलेक्ट्रॉनच्या ढगाकडे रोखलेले. त्या रेणूचं वाकण्याचं कंपन नेहमीच्या १५९५ प्रति सेंटिमीटरपेक्षा (कंपन मोजायचं एकक) खाली सरकतं, ती खूण. अशी मांडणी उदासीन क्लस्टरात सहसा सापडत नाही. इलेक्ट्रॉन आल्यावर रेणू फिरून तशी करतात. मोजताना एक गंमत होते. मोकळ्या हायड्रोजनचं ताण-कंपन ३३०० च्या आसपास, म्हणजे ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सहाच्या गुच्छात इलेक्ट्रॉन बांधलाय तोही इतक्याच ऊर्जेनं. कंपन जागं केलं की आर्गॉन सुटण्याऐवजी इलेक्ट्रॉनच निसटू शकतो आणि रेष वाकडी, एकीकडे कललेली दिसते. ती दुरुस्त करायच्या नादी लागू नये, ती तशीच असते.

गणनेच्या बाजूला सर्वात सामान्य चूक बेसिस सेटची, म्हणजे इलेक्ट्रॉनचा ढग ज्यांची बेरीज करून रचतात त्या ठरावीक गणिती फलनांची. इलेक्ट्रॉन रेणूंपासून कित्येक अँगस्ट्रॉम दूर पसरलाय, पण नेहमीची फलनं अणूंभोवती घट्ट रचलेली. मग संगणक त्याला जबरदस्तीनं आत कोंबतो किंवा तो बांधलाच जात नाही म्हणतो. फार पसरट फलनं मुद्दाम घालावी लागतात, तीही एक नव्हे, क्रमाक्रमानं रुंदावत जाणारी. नेहमीच्या दोन गणन-पद्धतींपैकी हार्ट्री-फॉक बंधन कमी दाखवतं, साधं डीएफटी जास्त. चांगली पद्धत घ्यावी तर खर्च रेणूंच्या संख्येच्या सातव्या घातानं वाढतो: गुच्छ दुप्पट, वेळ १२८ पट. मोठ्या उदासीन गुच्छांसाठी पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी रेणू तुकड्यांत कापून, सोडवून, पुन्हा शिवायची पद्धत विकसित केली. पसरट जादा इलेक्ट्रॉन मात्र कुठल्याच एका तुकड्याचा नसतो, त्यामुळे ऋणभारित गुच्छांत कापायचं कुठं हा प्रश्न अवघड होतो.

संख्या तीच आणि घडण वेगळी, याचं सर्वात स्वच्छ उदाहरण कार्बन डायऑक्साइडचं. एकटा रेणू इलेक्ट्रॉन नको म्हणतो. कसाबसा घेतलाच तर सरळ रेणू सुमारे १३५ अंशांत वाकतो आणि नव्वदेक मायक्रोसेकंदांत इलेक्ट्रॉन टाकून देतो. गुच्छात तो टिकतो, पण भार कोण धरतो ते संख्येनुसार बदलतं. सहापर्यंत दोन रेणू मिळून तो वाटून घेतात. सातपासून तेरापर्यंत एकच वाकलेला रेणू गाभा होतो. चौदापासून पुन्हा दोघांची जोडी. सहाचा सात झाला की वस्तुमान ४४ नं वाढतं आणि बंधन-ऊर्जा एकदम खाली कोसळते. नुसत्या वस्तुमानाच्या रांगेत त्या जागी काहीच घडलेलं दिसत नाही.

वातावरणाचे अभ्यासक हीच शिखरं रोज वाचतात. सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या क्लाउड प्रयोगात (हवेत कण कसे जन्मतात ते तिथं बंद कोठीत पाहतात) सल्फ्युरिक आम्लाचे ऋणभारित गुच्छ ९७, १९५, २९३, ३९१ या आकड्यांवर दिसतात: बायसल्फेट आयन आणि त्याला चिकटलेले आम्लाचे रेणू, दर पावलाला ९८. लहान गुच्छात बायसल्फेट आम्लाला इतकं घट्ट धरतं की अमोनियाची गरज भासत नाही, तो गुच्छ वाढल्यावरच सामील होतो. या यादीत पाणी जवळजवळ नाही, म्हणून हवेतही ते गुच्छ कोरडे होते असं समजणं चूक आहे. हवेतून निर्वातात येताना सैल बांधलेलं पाणी वाटेतच उडून जातं. शिवाय प्रवेशमार्गातलं व्होल्टेज जरा चढं असेल तर आयन उरलेल्या वायूवर आपटून आम्लाचा रेणूही गमावतात, २९३ चा १९५ होतो. तपासायची रीत साधी: प्रवेशमार्गातली व्होल्टेजं थोडी थोडी उतरवत न्यायची आणि दर पायरीला २९३ व १९५ यांचं गुणोत्तर लिहायचं. ते एका पातळीवर थांबलं तर त्या जोडीपुरतं मोजमाप हवेचं. सरकतच राहिलं तर अजून यंत्राचंच मोजमाप चाललंय, आणि सिग्नल परवडेल तितकं व्होल्टेज आणखी खाली न्यायला हवं.